ओहोटीचं वेळापत्रक

आमच्या बेटावर शाळा कधी भरणार
ते आता चंद्र ठरवतो.

पाणी मागे सरलं की वाळूची एक लांबडी जीभ उघडी पडते.
तिच्या पार टोकाला, काळ्या खडकापाशी,
फोनला दोन काड्या येतात.
कधी तीन. मग रोसाल्बा ओरडते, "आई, तीन!"
जणू टोपलीत मोठा मासा पडला.

सोमवारी ओहोटी सहाला, अंधारातच.
मंगळवारी सातला दहा कमी.
कुस्तोदिओ मास्तर आदल्या रात्री धडे पाठवून ठेवतात,
ते हिने खडकावर उभं राहून उतरवून घ्यायचे
बोटं बधिर व्हायच्या आत.
मी तिथेच वाकलेली, दाताळ्याने शिंपल्या उकरत.
चिलोएच्या समुद्राला काय,
त्याला शिंपल्या आणि अपूर्णांक सारखेच.

"तीन चतुर्थांश म्हणजे किती गं?"
मी टोपली दाखवते.
अर्धीच्या वर, काठाच्या खाली.
मी चौथीत शाळा सोडली होती,
आता तिच्या मागे मागे पाचवीत आहे.

पण त्याच दोन काड्यांवरून
बाकीचंही येतं.
पुएर्तो मोंतच्या चुलतभावाने पाठवलेलं,
त्याला कोणी पाठवलेलं, त्या कोणालाही कोणीतरी.
समुद्राचं पाणी कोमट करून गुळण्या करा.
लसूण उशाखाली ठेवा.
कपडे धुवायच्या क्लोरीनचे सात थेंब, अनशापोटी.
खाली एका डॉक्टरचं नाव,
आडनावासकट.

बाल्दोमेरो काकांचा हात कापतो.
सात थेंब त्यांच्या हातून सात राहिले नाहीत.
एदेल्मिरा नर्सने त्यांना त्याच रात्री लाँचमधून कास्त्रोला नेलं,
त्यांचं डोकं मांडीवर घेऊन,
वारा दक्षिणेचा, इंजिन दोनदा बंद पडलं.
ते वाचले. आता बोलतात
ते वाळूवरून होडी ओढल्यासारखं.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही:
काकांना वाचता येत नाही.
तो निरोप त्यांना मी वाचून दाखवला होता.
सावकाश, ठणठणीत आवाजात,
एकही शब्द न अडखळता.

एदेल्मिराच्या दवाखान्याबाहेर एक फळा आहे.
त्यावर ती खडूने लिहिते, तारीख घालून.
मास्क फक्त आजाऱ्याने लावावा.
त्यावर आडवी रेघ.
खाली, तीन आठवड्यांनंतरची तारीख: सगळ्यांनी लावावा.
लोक हसले. हिला तरी कुठे धड माहीत आहे?
मीही हसले होते.
"पुसून का नाही टाकत?" मी विचारलं.
ती खडूचे हात झग्याला पुसत म्हणाली,
"पुसलं तर तुम्हाला वाटेल
मला आधीपासून ठाऊक होतं."

फळ्याच्या तळाला तिने एक कोपरा आखलाय:
अजून माहीत नाही.
गेलेला वास कधी परत येतो.
किती दिवस.
मेलेल्याच्या कपाळाला हात लावता येतो का.
ही शेवटची ओळ
दोन महिने तशीच होती, पावसात फिकी होत,
आणि ती रोज सकाळी
पुन्हा गिरवायची.

आता काही आलं की मी मोठ्याने वाचत नाही.
रोसाल्बाच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवते,
कोणी पाठवलं तेही,
आणि चढ चढून एदेल्मिराकडे जाते.
कधी ती हो म्हणते, बहुतेकदा नाही,
कधी कास्त्रोला फोन लावते, तो लागत नाही,
मग ते तळाच्या कोपऱ्यात जातं.

बाल्दोमेरो काका दारात बसलेले असतात.
"आज काय आलं?" ते विचारतात, त्या आवाजात.
मला त्यांच्याकडे बघवत नाही.
"थांबा," मी म्हणते, "विचारून येते."
त्यांचा माझ्यावर अजून विश्वास आहे.
तोच जड जातो.

पाणी चढायला लागलंय.
रोसाल्बा खडकावर टाचा उंचावून,
फोन डोक्याच्या वर,
लाट तिच्या बुटांना शिवून जाते.
"चल," मी हाक मारते, "चल आता!"
"आई, धडा तीन चतुर्थांश उतरलाय!"

उरलेला उद्या.
सात चाळीसला.